शिफारसपत्रातले देशपांडे मास्तर

आमच्या हुबळीच्या हायस्कुलात गणित शिकवणारे देशपांडे मास्तर मुळात गणितात बेताचेच होते, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. तेव्हा मी पंचविशीत होतो आणि त्यांच्या हाताखालून निघून सात-आठ वर्षं झाली होती. माझा विश्वास बसला नाही. ज्यांच्यामुळे कमरीपेठेतल्या सुतारालोहारांची पोरं इंजिनिअरिंगला गेली, ते म्हणे बेताचे! पण मास्तर विनयानं खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. दुपारच्या चहाला त्यांनी मला सगळी हकीकत सांगितली. तिचा मधला भाग मी स्वतः डोळ्यांनी पाहिला होता, फक्त त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

मास्तरांचं पूर्ण नाव पद्मनाभ राघवेंद्र देशपांडे. वडील राघवेंद्रराव धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदार, घर मालमड्डीत. घरात बोलणं मराठी, भांडण कानडी आणि पत्रव्यवहार इंग्रजी, अशी वाटणी होती. एकवीस साली पद्मनाभ मॅट्रिक झाला आणि त्याला कुठे शिकायला घालायचं यावर घरात महिनाभर खल चालला. धारवाडला कॉलेज निघून चार वर्षं झाली होती. तेही मुंबईच्याच विद्यापीठाला जोडलेलं, म्हणजे पदवी तीच, परीक्षा तीच. पण शिरस्तेदार अप्पांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे मुंबई. तिथलं मोठं कॉलेज, शेकड्यांनी पोरं, दगडी इमारती आणि गोरे प्रोफेसर.

मोठी बहीण अनसूयाअक्का लग्न होऊन गावातच दिलेली. ती दुपारी माहेरी यायची ती वाद घालायलाच.

"अप्पा, इथं वर्गात चाळीस पोरं आहेत. पद्मा एक दिवस गेला नाही तर संध्याकाळी प्रोफेसर दारात येऊन विचारतील, ताप आलाय का? तिथं अडीचशे पोरांत हा मेला तरी हजेरी लागेल."

"तेच तर नकोय मला," अप्पा म्हणाले. "इथले प्रोफेसर सोमेश्वराकडे फिरायला जाताना आपल्या कट्ट्यावर बसून पाणी पितात. त्यांच्या कोटाला कुठं ठिगळ आहे ते मला पाठ आहे. असल्या माणसाकडून घेतलेली विद्या लोकांना विद्या वाटेल का? विद्यापीठ म्हणजे समुद्र, अनसूया. विहिरीत पोहणाऱ्याला कुणी पट्टीचा पोहणारा म्हणत नाही."

"समुद्रात बुडणाऱ्यालाही कुणी हाक मारत नाही, अप्पा."

पद्मनाभाला कुणी विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती. जूनमध्ये त्याला गाडीत बसवून दिलं. पुण्याला गाडी बदलताना त्याची एक वळकटी हरवली, तीही कुणाच्या लक्षात आली नाही.

मुंबईत त्याला पहिल्यांदा कळलं की आपण कोणाचे तरी कोणी नसलो तर कसं वाटतं. धारवाडात तो शिरस्तेदारांचा मुलगा होता. इथे अडीचशेंतला एक होता. पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर मागे बसलं की प्रोफेसरांचं फक्त टक्कल दिसे. पहिल्या सहा महिन्यांत त्याने शेंडी कापली, इराण्याकडे चहा प्यायला, कुठल्याशा सभेला जाऊन घसा बसेस्तोवर ओरडला, ग्रंथालयात हवी ती पुस्तकं काढून बसला आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. हे विद्यापीठाचे फायदे. सातव्या महिन्यात त्याला विषमज्वर झाला. तीन आठवडे तो वसतिगृहातल्या खाटेवर पडून होता आणि त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

उठून वर्गात गेला तर त्याची हजेरी पूर्ण लागलेली. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. मग दोन दिवस कान देऊन ऐकल्यावर उलगडा झाला. हजेरी घेणारा कारकून "पी. आर. देशपांडे" असं दोनदा पुकारत असे, कारण त्या नावाचे दोघे होते. पुढच्या बाकावर एक हडकुळा, बाहीला शाईचे डाग पडलेला मुलगा बसे. तो दोन्ही वेळा मान वर न करता "येस सर" म्हणे. पद्मनाभाने स्वतःच्या पाळीला "येस सर" म्हणायचं तेव्हापासून सोडूनच दिलं. दुसरा त्याचं काम नेमानं करत होता. त्याच्याशी ओळख करून घ्यावी असं मात्र त्याला कधी वाटलं नाही. मोठ्या कॉलेजात कुणाशी ओळख करून घ्यायची तर काही कारण लागतं, आणि नाव सारखं असणं हे कारण पुरेसं नव्हतं.

बी.ए.ला त्याने गणित घेतलं ते आवडीने नव्हे. इतिहासाचे वर्ग सकाळी सातला असत म्हणून. गणिताचे मुख्य प्रोफेसर हॅलम साहेब. वर्गात आता साठ-सत्तरच पोरं उरली होती, पण साहेबांना त्यांतली पाच माहीत होती. त्या पाचांत पद्मनाभ नव्हता. पंचवीस साली निकाल लागला तेव्हा तो पास-वर्गात पास झाला होता, म्हणजे काठावर हात टेकून वर आला होता. वर्तमानपत्रात आकड्यांचे स्तंभच्या स्तंभ छापून आले, त्यांत आपला आकडा शोधायला त्याला अर्धा तास लागला.

हॅलम साहेब त्याच महिन्यात नोकरी संपवून विलायतेला निघाले होते. जाण्याआधी पोरांना शिफारसपत्रं देऊन जावीत म्हणून ते एका दुपारी बसले आणि आपल्या कारकुनाला त्यांनी साठ-सत्तर पत्रं एका दमात सांगितली. पाकिटं टेबलावर मांडून ठेवली होती. ज्याने त्याने आपल्या नावाचं उचलावं. पद्मनाभाने "पी. आर. देशपांडे" असं पाकीट उचललं, बाहेर व्हरांड्यात येऊन उघडलं आणि तो खांबाला टेकून उभा राहिला.

पत्रात लिहिलं होतं, "या तरुणाची पारख परीक्षेच्या निकालावरून करू नये. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत गणिताचं असं डोकं मी दुसरं पाहिलेलं नाही. कोणत्याही उदाहरणाला याच्याकडे चार वाटा असतात, आणि त्यातली चौथी मलाही सुचलेली नसते. जी संस्था याला ठेवून घेईल ती भाग्यवान."

साहेबांशी चार वर्षांत त्याचं एकदाच बोलणं झालं होतं. साहेब म्हणाले होते, "दार लावून घ्या."

तो लगेच परत आत गेला. टेबलावर देशपांड्यांचं एकही पाकीट नव्हतं. सोमवारी तो साहेबांच्या बंगल्यावर गेला. साहेबांची बोट शनिवारीच सुटली होती. मग कॉलेजच्या कचेरीत जाऊन दुसऱ्या पी. आर. देशपांड्यांचा पत्ता मागितला. तिथला माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "देशपांडे एकूण अकरा आहेत. कोणते हवेत त्याचा लेखी अर्ज करा." त्याने अर्ज केला. "त्याचं उत्तर अजून यायचंय," असं मास्तर मला पंचेचाळीस साली म्हणाले.

घरी परतताना गाडीत लोंढ्यापासून धारवाडपर्यंत त्याने ते पत्र सात वेळा वाचलं. पहिल्या वाचनाला त्याला लाज वाटली. चौथ्या वाचनाला शंका आली की साठ पोरांत साहेबांची नजर आपल्यावर कधी पडलीच नसेल कशावरून? मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत. धारवाड स्टेशन आलं तेव्हा त्याचा निम्मा विश्वास बसला होता. अप्पांना खरं सांगायचं हे मात्र त्याने पक्कं ठरवलं होतं.

पण अप्पांनी कोटाच्या खिशातून डोकावणारं पाकीट आधीच ओढून घेतलं. शिरस्तेदारांचा सगळा जन्म दुसऱ्यांचे कागद वाचण्यात गेलेला. उभ्यानेच वाचून त्यांनी डोळे पुसले, पद्मनाभाच्या आईला, भागीरथीबाईंना, मराठीत सांगितलं, शेजारच्या पाटलांना कानडीत सांगितलं. "भाळ छलो! भाळ छलो!" म्हणजे फार छान, असं म्हणत पाटील कुंपणावरून वाकून पाया पडायचे तेवढे बाकी राहिले. संध्याकाळपर्यंत मालमड्डीत बातमी पसरली. अनसूयाअक्का आली, तिने पत्र वाचलं, भावाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हे तुझ्याबद्दल लिहिलंय?"

"नाव माझंच आहे," पद्मनाभ म्हणाला.

हे उत्तर खोटं नव्हतं. पुढची बारा वर्षं मास्तर याच उत्तरावर जगले.

हुबळीला दुर्गदबैलाच्या बाजारचौकाच्या मागच्या अंगाला आमचं खाजगी हायस्कूल होतं. खाली धान्याच्या वखारी, वर वर्ग. भूमिती शिकताना जोंधळ्याची धूळ नाकात जायची. हेडमास्तर गलगली म्हणून होते. शाळा मोठी व्हावी याचा त्यांना ध्यास होता आणि शाळा मोठी होते ती तिच्याबद्दल छापून आलेल्या मजकुराने, असं त्यांचं मत होतं. त्यांनी हॅलम साहेबांचं पत्र वाचून पद्मनाभाला तिथल्या तिथे नेमलं. पत्राची नक्कल शाळेच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर छापली. आणि मग, अहवाल हातात धरून, त्यांना एक कल्पना सुचली.

"देशपांडे, साहेब लिहितात, चार वाटा. आपण असं करू. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी सगळी मुलं अंगणात बसतील, गावातली चार सभ्य मंडळी बोलवू. तुम्ही एक उदाहरण घ्यायचं आणि चार रीतींनी सोडवून दाखवायचं."

"दर शनिवारी?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला काय अवघड आहे त्यात?" गलगली म्हणाले.

मास्तरांनी कमरीपेठेत नागोजी सुताराच्या माडीवर खोली घेतली होती. त्या खोलीत त्यांचे ते दिवस कसे गेले असतील कोण जाणे. कॉलेजात जे चार वर्षांत वाचलं नव्हतं ते त्यांनी चार आठवड्यांत वाचलं. रविवारी उदाहरण निवडायचं, सोमवारी पहिली रीत, मंगळवारी-बुधवारी दुसरी, गुरुवारी तिसरी, आणि चौथीचा काही नेम नाही. पहिल्या शनिवारचं उदाहरण होतं, शाळेपुढच्या चिंचेची उंची झाडावर न चढता काढायची. सावली मोजून एक रीत झाली. कागदाचा त्रिकोण डोळ्याला लावून दुसरी. मास्तरांनी घंगाळात पाणी घेऊन त्यात शेंडा बघण्याची तिसरीही कशीबशी जमवली. शुक्रवारी दुपारी ते जिन्यावर डोकं धरून बसलेले पाहून नागोजी खालून म्हणाला,

"काय मास्तर, झाड पाडायचंय?"

"पाडायचं नाही रे, मोजायचंय."

"मग सोपं आहे की. आम्ही पाडायच्या आधी मोजतोच, नाहीतर कुणाच्या तरी घरावर पडंल." नागोजीने हातभर काठी घेतली, हात ताठ करून ती समोरचं एक झाड झाकेल अशी धरली, मग काठीचं खालचं टोक बुंध्याशी तसंच ठेवून ती आडवी केली. "आता ते दुसरं टोक जिथं भुईला लागल्यासारखं दिसतंय तिथं माणूस उभा करा. बुंध्यापासून त्या माणसापर्यंत पावलं मोजा. झाडाची उंची तेवढीच."

शनिवारी ही चौथी रीत पाहून सभ्य मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी सांगून टाकलं की ही नागोजी सुताराची रीत आहे. गलगलींना वाटलं, काय विनय! अहवालात त्याचाही उल्लेख झाला.

असं करत करत वर्षं गेली. कधी तीनच रीती सापडत. तेव्हा मास्तर फळ्यापुढे उभे राहून म्हणत, "चौथी मला येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येते?" बाकीच्या मास्तरांच्या तोंडून आम्ही असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. आम्हाला वाटे हा त्यांचा डाव आहे, येत असून सांगत नाहीत. म्हणून आम्ही आठवडाभर डोकं फोडून चौथी रीत शोधत असू आणि ती कुणाला तरी सापडे. मास्तर ती वहीत उतरवून घेत, शोधणाऱ्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गावाचं नाव लिहून. अडीचशे मुलांच्या शाळेत त्यांना प्रत्येकाचं नाव पाठ होतं. कुणाला त्यांनी आद्याक्षरांनी हाक मारलेली मी ऐकली नाही. मी मॅट्रिकच्या वर्गात पोचेपर्यंत शनिवारचा तास गावात प्रसिद्ध झाला होता. दुर्गदबैलातले कापडवालेसुद्धा गिऱ्हाईक नसलं की येऊन भिंतीला टेकून उभे राहत.

सदतीस साली श्रावणातल्या एका शनिवारी मास्तरांनी फळ्यावर एक ओढा काढला. ओढ्याच्या एकाच बाजूला एक घर आणि लांब एक देऊळ. बाईने घरातून निघून ओढ्यावर घागर भरायची आणि देवळात जायचं. सगळ्यात कमी चालणं पडायचं तर घागर कुठे भरावी? मास्तरांनी बीजगणिताने दाखवलं, फळा भरला. पाटीवर मोजमाप घेऊन दाखवलं. नागोजीकडून आणलेल्या फळीवर खिळे ठोकून दोरी ताणून दाखवलं. चौथी रीत फारच लांबली, दोनदा पुसून पुन्हा लिहावी लागली. आम्ही जांभया देत होतो. तेवढ्यात मागे भिंतीशी उभा असलेला एक हडकुळा गृहस्थ, रेल्वेच्या कचेरीतले लोक घालतात तसला कोट अंगावर, चाचरत म्हणाला,

"मास्तर, आणखी एक वाट आहे. सांगू का?"

"सांगा की," मास्तर म्हणाले. त्यांना हायसंच वाटलं असावं.

"ओढ्याच्या काठावर आरसा उभा आहे असं धरा, त्यात देवळाचं प्रतिबिंब पलीकडे पडेल ना? बाईने त्या प्रतिबिंबाकडे नाक करून सरळ चालावं. जिथे पाय ओला होईल तिथे घागर भरावी."

 मग मास्तरांनी हळूच फळ्यावर ओढ्याच्या पलीकडे उलटं देऊळ काढलं, घरापासून तिथपर्यंत एक सरळ रेघ ओढली, आणि आधीच्या तिन्ही रीतींनी आलेली जागा नेमकी त्याच रेघेवर आली. अशी युक्ती पुस्तकात कुठेतरी असेलच, मास्तरांच्या पुस्तकांत नव्हती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी वही काढली.

"आपलं पूर्ण नाव?"

"पुंडलिक रामराव देशपांडे."

मास्तरांचा चेहरा मला अजून आठवतो. आम्हाला वाटलं, त्यांना वाईट वाटलं, कारण कुणी परक्याने त्यांच्यावर मात केली. पेन्सिल तशीच हातात धरून ते त्या माणसाच्या बाहीकडे बघत होते. बाहीवर शाईचे डाग होते.

पुढचं मास्तरांनी मला सांगितलेलं. शाळा सुटल्यावर ते पुंडलिकरावांना दुर्गदबैलातल्या एका हॉटेलात घेऊन गेले. चहा आला. मास्तरांनी विचारलं, "मुंबईला होतात का? हॅलम साहेबांच्या हाताखाली?"

"होतो तर! दर गुरुवारी त्यांच्या बंगल्यावर जायचो मी. ते एक उदाहरण घालायचे, मी एक घालायचो. परीक्षेत मात्र माझं बिनसलं. एकाच प्रश्नात तीन तास गेले. फार सुंदर प्रश्न होता तो." आणि पुंडलिकराव तो प्रश्न टेबलावर पाण्याने काढायला लागले.

"मग इथे रेल्वेत कसे?"

"साहेबांनी शिफारसपत्र दिलं होतं. 'हजेरी नियमित, वागणूक चांगली, अक्षर सुवाच्य.' रेल्वेला तेवढंच हवं असतं. बारा वर्षं नकला करतोय."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दर गुरुवारी ज्यांच्या घरी जात होता त्यांनी एवढंच लिहिलं, याचं तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. एक महिनाभर फार वाटलं. मग म्हटलं, इंग्रज माणूस घरी बोलताना गोड बोलतो, पण सही करताना खरंच लिहितो. त्यांनी मला नीट ओळखलं. मी उगाच स्वतःला काहीतरी समजत होतो. त्यानंतर गणिताचं पुस्तक मी उघडलं नाही. आज इकडून जात होतो, अंगणात गर्दी दिसली म्हणून डोकावलो."

"त्या वर्गात पी. आर. देशपांडे दोन होते, हे ठाऊक होतं का तुम्हाला?"

"दोन?" पुंडलिकराव म्हणाले. "छे! हजेरीवाला माझंच नाव दोनदा घ्यायचा. मला वाटायचं, मोठं कॉलेज, तसा नियम असेल."

तेव्हा मास्तरांनी सगळं सांगितलं. शाळेचा अहवाल नेहमी त्यांच्या पिशवीत असे. पहिलं पान उघडून त्यांनी पुढे ठेवलं. पुंडलिकरावांनी ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मास्तरांना वाटलं, आता हा माणूस आपल्याला मारील, आणि मारलं तर ते योग्यच होईल. पण पुंडलिकराव एकदम लाजल्यासारखे झाले आणि म्हणाले, "चौथी वाट त्यांना सुचली नव्हती असं लिहिलंय? मला तर नेहमी म्हणायचे, हे मला ठाऊक होतं म्हणून!" त्यांनी चहा तसाच ठेवला, अहवालाचं पान मागून घेतलं आणि रस्त्याला लागले. मास्तर म्हणाले, त्याने शिव्या दिल्या असत्या तर त्या रात्री मला झोप लागली असती.

सोमवारी मास्तर राजीनामा लिहून गलगलींकडे गेले. गलगलींनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"देशपांडे, हे पत्र बारा वर्षं आपण अहवालात छापतोय. सरकारी इन्स्पेक्टर ते वाचून जातो. तुम्ही खोटे ठरलात तर पत्र खोटं, पत्र खोटं तर अहवाल खोटा. शाळेचं काय करू मी? वखारीवाल्याला परत देऊ?"

"पण साहेब, मी तो माणूस नाही."

"ते पंचवीस साली सांगायचं होतं. आता शनिवारी अंगण भरतं, ते कुणाच्या नावावर भरतं? त्या पुंडलिकरावांना घेऊन या. त्यांनाही सांगू दे काहीतरी. नाव तेच आहे, नवीन पाटीसुद्धा रंगवावी लागणार नाही."

राजीनामा त्यांनी फाडला नाही. कागद पाठकोरा होता, म्हणून वेळापत्रक लिहायला ठेवून घेतला.

पुंडलिकराव खरोखरच यायला लागले. पण इथे एक गंमत झाली. त्यांना शिकवता येईना! ते फळ्याकडे तोंड करून स्वतःशीच पुटपुटत, चार पायऱ्या गाळून उत्तरावर पोचत आणि आमच्याकडे वळून आनंदाने हसत. आमच्यातल्या कुणाला काही कळलेलं नसे. मग मास्तर उठून म्हणत, "पुंडलिकराव, मलाही कळलं नाही. मधलं सांगा." आणि हळूहळू, त्या मधल्या पायऱ्या एकेक ओढून काढत, ते आमच्यापर्यंत आणत. कळलं नाही असं म्हणणाऱ्या माणसाने हे काम करावं लागतं, हुशार माणसाला ते जमत नाही, हे मला त्या तासांना पाहून पटलं. आम्ही त्यांना मोठे देशपांडे आणि धाकटे देशपांडे म्हणायचो. मोठे म्हणजे आमचे मास्तर. पुंडलिकरावांनी पुढच्या वर्षी एका इंग्रजी मासिकाला एक उपपत्ती पाठवली. ती "पी. आर. देशपांडे, हुबळी" या नावाने छापून आली. अभिनंदनाची सगळी पत्रं अर्थातच शाळेत, मास्तरांच्या नावाने आली. मास्तर ती एका पिशवीत घालून संध्याकाळी रेल्वेच्या चाळीत पुंडलिकरावांकडे पोचवून आले. त्या दिवशी, ते म्हणाले, तेरा वर्षांनी पहिल्यांदा घरी येऊन पोटभर जेवलो. बेचाळीस साली पुंडलिकरावांची बदली मद्रासकडे झाली. ते गेले, पण गणित सोडून गेले नाहीत.

आता चहाच्या त्या दुपारबद्दल सांगतो. पंचेचाळीस साली मास्तरांची मुलगी शकुंतला मॅट्रिक झाली, चांगल्या मार्कांनी. मास्तरांच्या घरात तोच जुना खल सुरू झाला होता म्हणून मला बोलावलं होतं, कारण मी मुंबईला राहून नुकताच परतलो होतो. मास्तरांच्या पत्नी राधाबाई म्हणत होत्या, धारवाडला जाऊ दे, अक्का आहेत, मालमड्डीतून पायी जाता येईल, प्रोफेसर ओळखीचे. शकुंतलेला मुंबईच हवी होती.

"तुम्ही सांगा हो काहीतरी," राधाबाई मास्तरांना म्हणाल्या. "तुम्ही तिथं चार वर्षं काढलीत."

मास्तर बराच वेळ कप फिरवत बसले. मग त्यांनी, आम्हा सगळ्यांच्या देखत, वर लिहिलेली सगळी हकीकत सांगितली. शकुंतलेनेही ती पहिल्यांदाच ऐकली. राधाबाईंना ठाऊक असावी. त्या कपबशा उचलून आत गेल्या. शेवटी मास्तर म्हणाले, "धारवाडला शिकलो असतो तर मला असं पत्र मिळालंच नसतं. तिथे सगळ्यांना ठाऊक होतं की मी काय आहे. मी कोर्टात कारकून झालो असतो, सुखात राहिलो असतो. मुंबईने माझी चूक केली म्हणून मी मास्तर झालो. आणि त्याच चुकीने पुंडलिकरावांची बारा वर्षं नकला करण्यात गेली. आता याचा हिशेब कसा मांडायचा ते मला चारच काय, एकाही रीतीने येत नाही. जायचं तर जा, शकू. फक्त एक कर. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक प्रोफेसरांकडे जाऊन आपलं पूर्ण नाव सांग. एस. पी. देशपांडे म्हणायचं नाही. शकुंतला पद्मनाभ देशपांडे, हुबळी. आणि ते विसरले तर पुन्हा सांग. तिथे तुला कुणी ओळखणार नाही, त्याची तयारी ठेव."

शकुंतला गेली. तीन आठवड्यांनी तिचं पत्र आलं, ते मास्तरांनी मला वाचायला दिलं. तिने लिहिलं होतं, वर्गात दोनशे दहा मुलगे आहेत आणि आम्ही पाच मुली, सगळ्यात पुढच्या बाकावर. प्रोफेसर प्रत्येक प्रश्न आधी आम्हालाच विचारतात. परवा मी गेले नाही तर हजेरीवाल्यापासून फाटकावरच्या भय्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं, बाई, काल कुठे होतात? मी कोणत्या रंगाचं पातळ नेसते हे मागच्या बाकावरच्या पोरांनाही पाठ आहे. अप्पा, मला न ओळखणारा माणूस इथे कुठे मिळेल?

मास्तरांनी पत्राची घडी घातली. "हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले, आणि उत्तर लिहायला कागद शोधू लागले.